स्केलकर

पुण्यात कोथरूडपासून बाणेर-वाकडपर्यंत कुठल्याही मोठ्या सोसायटीत एक स्केलकर राहतो. दारावरच्या पाटीवर आडनाव दुसरंच असतं. स्केलकर हे आम्ही शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव. ओळखायची खूण सोपी आहे. रात्री साडेनऊनंतर लिफ्टची वाट बघत उभं राहावं. बंद दाराआडून आधी मेट्रोनोमची टिकटिक येते आणि तिला धरून गिटारीचे अठरा सूर खालून वर चढतात. थांबतात. पुन्हा तेच अठरा. आता गाणं सुरू होईल म्हणून रेंगाळू नये. लिफ्ट आली की निघावं.

स्केलकर चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असतो आणि हिंजवडीला जातो. गिटार त्याला कॉलेजातच हवी होती. पण आधी बारावी होऊ दे, मग डिग्री पदरात पडू दे, मग कुठेतरी चिकट, मग फ्लॅट, मग मुलीची अ‍ॅडमिशन, अशा रांगेत ती वीसेक वर्षं मागे उभी राहिली. शेवटी आली ती यामाहाची एफ ३१०, बऱ्याच जणांची पहिली असते तीच. पहिल्या आठवड्यात त्याने चक्क गाणं वाजवायला घेतलं होतं, याला त्याची बायको साक्षीदार आहे. पण गाण्यात एफची कॉर्ड निघाली. तर्जनी पहिल्या पडद्यावर आडवी टाकून सगळ्या तारा दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी आणखी तीन जागा धरायच्या, ही ती एफ. निम्म्या तारा मुक्या राहिल्या, उरलेल्या खडखडल्या. स्केलकरने गिटार खाली ठेवली आणि मूळ कारण शोधायला बसला. ऑफिसात त्याला पगार त्याचाच मिळतो. निष्कर्ष निघाला: आपला पाया कच्चा आहे.

पाया या गोष्टीचं मराठी मध्यमवर्गीय माणसाला जे वेड आहे, त्यावर कुणीतरी खरं म्हणजे प्रबंध लिहायला हवा. इमारत नाही झाली तरी चालते, पाया पक्का पाहिजे. स्केलकरच्या आजोबांना पावकी-निमकी पाठ होती, वडिलांना तीसपर्यंत पाढे. पाठ म्हटलं की शाबासकी मिळायची. हे पुढे वापरायचं कुठे असं विचारलं की धपाटा. ही परंपरा खंडित होऊ नये म्हणून स्केलकरने सात पॅटर्न पाठ करायला घेतले.

ते असे. गिटारीला तारा सहा. मेजर स्केल म्हणजे आपले शुद्ध सूर, सात. एका तारेवर तीनच सूर घ्यायचे आणि पुढच्या तारेवर जायचं. सारेग एका तारेवर, मपध दुसरीवर, नीसारे तिसरीवर. सहा त्रिक अठरा. सा ऐवजी रेपासून सुरुवात केली की दुसरा पॅटर्न, गपासून तिसरा, असे सात. चेष्टा करायला बसलो असलो तरी हे मान्य करायला हवं की या मांडणीत एक देखणेपण आहे. तीन सुरांसाठी बोटांच्या ठेवणी तीनच लागतात: दोन्ही अंतरं मोठी, किंवा आधी छोटं मग मोठं, किंवा आधी मोठं मग छोटं. आणि जाड तारेकडून बारीक तारेकडे जाताना त्यांचा क्रमही ठरलेला. पहिली ठेवण लागोपाठ तीन वेळा येते, दुसरी दोनदा, तिसरी दोनदा, की परत पहिली. सातही पॅटर्न म्हणजे ही एकच साखळी; कुठल्या कडीपासून धरायची एवढाच फरक. हे लक्षात आलं त्या रात्री स्केलकरला झोप लागली नाही. एकट्यालाच लागू नये म्हणून त्याने बायकोला उठवून समजावलं.

या सगळ्या सोज्वळ कुटुंबात एक जाऊबाई मात्र तिरक्या आहेत. शेजारच्या कुठल्याही दोन तारांत पाच पडद्यांचं अंतर असतं, जी आणि बी या दोघींत चारच. त्यामुळे बीवर पोचलं की सगळी ठेवण एक पडदा पुढे सरकते. पाहुणा कॉफीचा कप हातात घेऊन बसला की स्केलकर हे त्याला सांगतो. पार्किंगच्या भांडणातही ज्याचा आवाज चढत नाही, त्याचा या एका पडद्यापायी चढतो.

भिंतीवर सात पॅटर्नचा ए-थ्री आकाराचा रंगीत तक्ता आहे, लॅमिनेट केलेला. देवघरासमोर. मूळ स्वर लाल ठिपक्यात, बाकीचे निळ्या. शिवाय एक एक्सेल आहे: तारीख, पॅटर्न, वेग, शेरा. वेग दर वेळी चारने वाढवायचा. साठ, चौसष्ट, अडुसष्ट. शेऱ्याच्या रकान्यात ‘करंगळी’ हा शब्द इतक्यांदा येतो की तिचं वेगळं अ‍ॅप्रेझल करता येईल. दोष करंगळीचा नाही. पहिल्या पडद्यापासून पाचव्यापर्यंत बारा-साडेबारा सेंटीमीटर अंतर पडतं, आणि ते तिघांनी मिळून व्यापायचं असतं. बारा पडदे पुढे गेलं की हेच अंतर बरोब्बर निम्मं होतं. पण एफ ३१० सारख्या गिटारीचं पोट चौदाव्या पडद्यापाशी सुरू होतं, हात पुढे जात नाही. इलेक्ट्रिक गिटारीला तिथे खाच असते. अशा रीतीने इलेक्ट्रिक गिटार ही हौस नसून करंगळीची वैद्यकीय गरज आहे, हे घरात आकड्यांनिशी सिद्ध झालं. तिच्या मागोमाग अ‍ॅम्प आला. त्याचीही कारणं होती.

मग एका रविवारी दुपारी चेअरमन त्याच्या दारात उभे. एक ते चार ड्रिलिंगला बंदी असताना तुमच्याकडे काम कसलं चाललंय? स्केलकर दुखावला नाही. उलट त्याने चेअरमनना बसवून घेतलं आणि सांगितलं की मिस्टर बिग या बँडचा पॉल गिल्बर्ट खरोखरच मकिता कंपनीच्या ड्रिलला पिक लावून गिटार वाजवत असे. ही माहिती शंभर टक्के खरी आहे. पण चेअरमननी ती कबुलीजबाब म्हणून नोंदवून घेतली.

गिल्बर्ट, जो सॅट्रियानी, सॅट्रियानीचा शिष्य स्टीव्ह वाय, ही स्केलकरची गुरुपरंपरा. तिच्यातही पंथ आहेतच. तीन हा विषम आकडा, त्यामुळे पिक खाली-वर-खाली झालं की पुढची तार वरच्या झटक्याने छेडायची की आणखी एकदा खालच्या, यावर दोन तट. एक तट म्हणतो आलटून-पालटून म्हणजे आलटून-पालटून, मध्येच नियम मोडायचा नाही. दुसरा फ्रँक गॅम्बालेकडे बोट दाखवतो: ज्या दिशेला जातोयस त्या दिशेला हात जाऊ दे, वाचलेले कष्ट हेच वाद्य. स्केलकर सोमवार ते शुक्रवार पहिल्या तटात असतो आणि शनिवार-रविवार दुसऱ्या. आणि ज्यांनी सी, ए, जी, ई, डी या उघड्या कॉर्ड्सच्या पाच आकारांवरून फ्रेटबोर्ड पाठ केला त्या ‘केज्ड’वाल्यांशी तो सभ्यपणे वागतो, पण सोयरीक करणार नाही.

आता मुद्द्याचा प्रसंग. वाढदिवस असतो. केक कापून झालेला असतो, पावभाजीला वेळ असतो. कोपऱ्यातली गिटार दिसते आणि कुणीतरी म्हणतं, “होऊन जाऊ दे एखादं गाणं!” नंतर ठरलेली फर्माईश. १९७३ सालच्या ‘यादों की बारात’मध्ये झीनत अमान गिटार घेऊन गाते ते. अख्ख्या देशाला गिटार म्हटलं की झीनत अमान आठवते, याला स्केलकर जबाबदार नाही, पण भोगतो तो. तारा जुन्या झाल्यात. ते कॉर्डचं काम, माझं लीडचं चाललंय. तरी आग्रह झालाच तर तो गिटार घेतो, मान खाली घालतो आणि खालून वर अठरा सूर वाजवतो. टाळी वाजवायची की नाही हे कुणालाच कळत नाही. “छान. सुरुवात झाली. आता गाणं!” असं आत्या म्हणते.

त्याच्या टीममध्ये मडगावचा एक मुलगा आहे. कंपनीच्या सहलीत बसमध्ये त्याने गिटार मागून घेतली आणि तीन कॉर्डवर लोणावळ्यापर्यंत बस गात ठेवली. उतरताना स्केलकर त्याला म्हणाला, “तू वाजवलंस ते मिक्सोलिडियन होतं.” मुलगा घाबरला. काही तुटलं का, म्हणून तो गिटार उलटीसुलटी करून बघायला लागला.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू या प्रकरणातल्या खऱ्या पीडित. काकू गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद, उभ्या आयुष्यात शेकडो मुलींचे गळे त्यांनी पलटे घोटून तयार केले आहेत. आवाजाबद्दल त्यांची तक्रार नव्हतीच. एकदा जिन्यात त्यांनी स्केलकरला अडवलं.

“अरे, रोज रात्री मला मध्यमावर नेऊन का सोडतोस?”

स्केलकरला कळेना. काकूंनी गाऊन दाखवलं. सहा तारा, अठरा सूर. सापासून निघालं की शेवटची तार रे ग म. दोन सप्तकं चढून गडी मवर थांबतो आणि मेट्रोनोम बंद करून झोपायला जातो. खाली काकू टक्क जाग्या.

“काकू, पॅटर्न तिथेच संपतो.”

“पॅटर्न संपतो, पण माझी झोप सुरू होत नाही. निदान उतरून सावर तरी येत जा.”

“उतरताना अजून बसलं नाहीये. नव्वदच्या पुढे पिक अडखळतं.”

“मग साठने उतर.”

“चढताना नव्वद आणि उतरताना साठ असा रकाना नाहीये.”

तेव्हापासून काकूंनी स्वतःच बंदोबस्त केला. वर अठरावा सूर वाजला की त्या गॅलरीत येऊन म ग रे सा असं स्वच्छ आवाजात उतरतात आणि दार लावून घेतात. बी विंगमधल्या लोकांना हा एकच कार्यक्रम वाटतो.

काकूंमुळेच त्याच्या मोडचा गुंता सुटला. रेपासून सुरू केलं की डोरियन, गपासून फ्रिजियन, मपासून लिडियन, अशी ग्रीक नावं घेत स्केलकर सातही पॅटर्न ओळीने वाजवायचा आणि बायकोला विचारायचा, फरक कळतोय ना? “मला सगळं एकच ऐकू येतंय,” ती म्हणायची. तिचं बरोबर होतं. सूर तेच आणि कानात बसलेला सा तोच, तर हाताची जागा बदलून रंग कसा बदलणार? काकू एक दिवस आपला इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेऊन वर आल्या, चौथ्या पॅटर्नच्या पहिल्या सुराला सा मानून तो लावला आणि म्हणाल्या, “आता वाजव. हळू.” चौथ्या सुरावर स्केलकरचं बोट पडलं आणि तो दचकला. तोच पडदा, तोच सूर, पण भलताच उजळ.

“तीव्र मध्यम,” काकू म्हणाल्या. “हा कल्याण. तुझा लिडियन की कोण तो.”

मग त्या एकेक उलगडत गेल्या. डोरियन म्हणजे काफी, फ्रिजियन भैरवी, मिक्सोलिडियन खमाज, एओलियन आसावरी. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी रागांची दहा थाटांत विभागणी केली, त्यातले सहा स्केलकरच्या भिंतीवर निळ्या-लाल ठिपक्यांत टांगलेले होते. भातखंडे मूळचे वकील, हे कळल्यावर त्याला विशेष आनंद झाला. म्हणजे टेबलं करणारा माणूस. राहिला सातवा, लोक्रियन. त्यात शुद्ध पंचमच नाही. तानपुऱ्याच्या पंचमावर तो घासायला लागला तशा काकूंनी बटण बंद केलं. “हा तुझ्याकडेच राहू दे.”

दुसऱ्या दिवशी एक्सेलमध्ये ‘थाट’ असा नवा रकाना आला. काकूंनी यमनची एक छोटी बंदिश त्याला गाऊन दिली होती, तिचं काय झालं, असं मी विचारलं. “घेणार आहे,” तो म्हणाला, “आधी जरा सगळ्या थाटांत ऐंशीला क्लीन होऊ दे.”

परवा गेटवर भलंमोठं खोकं आलं. वॉचमन सही मागत होता, स्केलकर नव्या नवरदेवासारखा लाजत होता. काकू भाजी घेऊन येत होत्या, त्या थांबल्या.

“पुन्हा गिटार?”

“सात तारांची, काकू. स्टीव्ह वायने वाजवली ती. पॅटर्न तेच, फक्त एक तार जास्त.”

काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि अंगठ्याने बोटाची पेरं मोजायला लागल्या. एका बोटाला तीन पेरं: सा रे ग. दुसरं बोट, म प ध. चार बोटं संपली, दुसरा हात पुढे आला. सहाव्या बोटावर रे ग म. सातव्यावर अंगठा टेकवून त्या पुटपुटल्या, प, ध... आणि तिसऱ्या पेरावर थबकल्या.

“अरे मेल्या, आता निषादावर?”

“आठ तारांचीही मिळते,” स्केलकर अपराधी आवाजात म्हणाला.

काकूंचा अंगठा आठव्या बोटावर फिरला. सा. रे. ग.

“मग ती आणायची की! गंधारावर झोपले असते मी.”