फुकटचा कॅसेट एसी

ऑफिस बंद पडलं की खुर्च्या ओएलएक्सवर जातात आणि चार टनांचा कॅसेट एसी कुणाच्या तरी हॉलमध्ये. भंगाराच्या भावात मिळतोय म्हटल्यावर दोन बीएचकेला चार टन कशाला, हे विचारायचं नसतं. छत फोडून झालं, बाहेरचं युनिट गच्चीवर चढलं, की मग प्लेट वाचली जाते : थ्री फेज, 415 व्होल्ट. घरात येते एक फेज, 230 व्होल्टची.

वायरमन म्हणतो, ‘‘साहेब, लूप मारू की!’’ म्हणजे एकाच फेजच्या तीन तारा काढून आर, वाय, बी तिघांना जोडायच्या. टेस्टर तिन्हीकडे पेटतो, साहेब खूश. टर्मिनल-टर्मिनलमध्ये व्होल्टेज शून्य आहे, हे बिचाऱ्या टेस्टरला कुठून कळणार? त्यातून कॅसेटचा आतला पंखा सिंगल फेजवर चालतो. त्यामुळे रिमोट टुक् करतो, फ्लॅप उघडतात, 18 चा आकडा झळकतो, वाराही येतो. गार व्हायला जरा वेळ लागणार, असं घरच्यांना सांगितलं जातं. गच्चीवर कॉम्प्रेसर ढिम्म. त्याच्या वाटेत फेज तपासणारा एक रिले असतो, साऱ्या प्रकरणातला एकमेव शहाणा. तो हे चालू द्यायला तयार नसतो, म्हणून पहिल्यांदा बायपास होतो तोच.

मग निघतो कपॅसिटर. ही विद्या शेतातली. एक फेज गेली की शेतकरी कपॅसिटर लावून पंप रेटतो. पीक वाळताना दुसरं करणार काय? मोटार जळलीच तर तालुक्याला रिवाइंडिंगवाला बसलेला आहे. एसीचा कॉम्प्रेसर म्हणजे वेल्डिंग केलेला बंद डबा. आत वाइंडिंग जळलं की तेलात आम्ल तयार होतं, ते पाइपांतून हिंडतं, आणि डबा बदलून शिवाय पाइपही धुऊन काढावे लागतात. फुकटच्या मशीनला नवा कॉम्प्रेसर!

शेवटी येतो कन्व्हर्टर. तो चालतो, नाही असं नाही. पण त्यातला साधा प्रकार, व्हीएफडी, 230 घेऊन तीन फेज देतो त्याही 230 च्याच. 415 साठी आणखी ट्रान्सफॉर्मर. शिवाय तो फेज बनवतो, वीज नव्हे. तीन तारांवर आठ-आठ अँपिअर वाटून घेणारं हे धूड इथे एकाच तारेतून पंचवीसच्या वर ओढणार. जिन्यातली केबल कधीची, हे सेक्रेटरींनाही ठाऊक नसतं.

गंमत म्हणजे शोरूममधल्या दीड टनाच्या इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरची मोटार बहुधा थ्री फेजच असते. सिंगल फेजच्या तीन करायचं काम बाहेरच्या युनिटमधला बोर्ड करतो, त्याच मोटारीच्या मापाने. पण तो एसी विकत घ्यावा लागतो.

आणि ज्याला चार टनच हवेत, त्याच्यासाठी वीज कंपनीकडे थ्री फेजचा अर्ज असतो. टेस्ट रिपोर्ट जोडा, कोटेशन भरा. बिलात स्थिर आकार तेवढा जास्त येतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना तो भुर्दंड वाटतो. कन्व्हर्टरवाल्याला मात्र त्यांनी कालच अर्धे पैसे आगाऊ दिले.