संशयाचा अभ्यासक्रम

फिटरच्या किंवा इलेक्ट्रिशियनच्या उमेदवारीला लागलेल्या मुलाकडून घरच्यांच्या अपेक्षा तशा माफक असतात: पहिल्या आठवड्यात मिक्सर आणि महिन्याभरात शेजाऱ्यांचा पंप. प्रत्यक्षात फिटरच्या हाती येते कानस आणि लोखंडाचा एक तुकडा. तो घासून सपाट करायचा, मग काटकोनात आणायचा. यातून उत्पादन काय निघतं, तर लोखंडाचा कीस. तरीही सुरुवात अशीच व्हावी, असं माझं मत आहे. पदवीनं माणसाला आत्मविश्वास मिळतो. उमेदवारीनं आधी संशय घ्यायला शिकवावं.

कानस पुढे जातानाच कापते, हे पाच मिनिटांत समजतं. पण हात सरळ रेषेत जात नाहीत, हे पटायला बरेच दिवस लागतात. हात झोके घेतात आणि तुकड्याला मधोमध पोट सुटतं. डोळ्यांना तो सपाटच दिसतो. गुण्या लावून उजेडाकडे धरला, की दोन्ही कडांशी फट दिसते आणि वाद संपतो. तिकडे इलेक्ट्रिशियनचा उमेदवार टेस्टरवर श्रद्धा ठेवून असतो. न्यूट्रल मागे कुठे तुटलेली असेल आणि एखादा दिवा चालू राहिला असेल, तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. म्हणजे दोन फेज आल्या असं नव्हे. आणि ‘मेन बंद केलाय’ हे वाक्य कितीही ज्येष्ठ माणसानं उच्चारलं, तरी तारेला ज्येष्ठता कळत नाही. फिटर स्वतःच्या हातावर संशय घ्यायला शिकतो, इलेक्ट्रिशियन दुसऱ्याच्या शब्दावर. दोन्ही मिळून निम्मं इंजिनीअरिंग होतं.

यावर कोणी म्हणेल, ही स्वस्तात राबवून घेण्याची सोय आहे. आक्षेप खरा आहे. 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचं 18वं कलम सांगतं की उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. 16वं कलम सांगतं की इजा झाली तर भरपाई मात्र कामगारांच्याच कायद्यानुसार. म्हणजे कामगार व्हायचं तर आधी बोट चेपून घ्यायचं! पण म्हणून दोष कानशीला लावू नये. वर्षभर नुसता चहा आणायला लावणं ही लबाडीच. त्यातून फार तर कोणाला साखर किती लागते तेवढं कळतं. कानशीला मात्र मुदत हवी आणि शेजारी चूक दाखवणारा उस्ताद हवा. दुसरा आक्षेप सीएनसीचा: यंत्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक कापत असताना हात कशाला झिजवायचे? कारण यंत्र चुकीचं मापही तितक्याच अचूकपणे कापतं, एकाच चुकीचे पाचशे नग काढतं आणि शेवटी हिरवा दिवाही लावतं. त्या दिव्यावर विश्वास न ठेवता पहिला नग उचलून व्हर्नियर लावणारा माणूस कारखान्याला लागतोच. तेव्हा घरच्यांनी मिक्सरची घाई करू नये. ‘प्लग काढलाय, बघ’ असं आईनं सांगूनही पोरगा खाली वाकून सॉकेट पाहू लागला, तर शिक्षण रुळावर आहे असं समजावं.