हुकूम झाला, वसुली कोणी करायची?

टाकलेल्या बाईला पोटगीचा हक्क आहे, हे आता गावोगावच्या बायांना ठाऊक आहे. संगमनेरच्या समता आंदोलनाने 1988 साली परित्यक्तांची परिषद भरवली आणि हे दुखणे चव्हाट्यावर आले. कायदाही तोकडा नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम 125 गेले, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 आले. हक्क तोच राहिला. महिना पाचशे रुपयांची मर्यादा 2001 मध्येच उठली. बाई जिथे राहते, तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. नागपूरहून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ खटल्यात 2020 साली ठरले, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची आणि दोघांनीही उत्पन्न-मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र घालायचे.

मग अडते कुठे? पैसे हातात पडण्यात.

अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. पण हे दिवस मोजायचे नोटीस बजावल्यापासून. म्हणून नवरा आधी नोटीसच चुकवतो. ‘पत्त्यावर आढळून आला नाही’ असा शेरा घेऊन कागद परत येतो. तोच माणूस भावकीच्या लग्नात पंगतीला बसलेला अख्ख्या गावाला दिसतो. पुढे हुकूम झाला, तरी दमडी येत नाही. वसुलीचा अर्ज पुन्हा तिनेच करायचा, वकिलाची फी तिनेच भरायची, मजुरी बुडवून तारखेला तिनेच यायचे. थकलेल्या रकमेसाठी वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर वॉरंट काढून वसुली करण्याचा मार्ग बंद. देणे बुडवले त्याने, आणि मुदतीचा धाक तिला. हा न्याय नव्हे.

हे बदलायला नवा कायदा लागत नाही. थकलेली पोटगी दंडासारखी वसूल करायची, ही तरतूद आजही आहे. दंडाची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करा, असे वॉरंट कोर्ट जिल्हाधिकाऱ्यांना पाठवू शकते. तहसीलदार, तलाठी, सातबारा, जप्ती ही सगळी यंत्रणा हाताशी आहे. सरकारचे देणे थकले की ती दारात उभी राहते. लेकराच्या दुधाचे, शाळेचे पैसे थकल्यावरही या यंत्रणेने त्याच पायांनी चालत गेले पाहिजे.

म्हणून मागणी साधी आहे. पोटगी मंजूर करतानाच ती कशी वसूल होणार, हेही त्याच हुकमात लिहा. नोकरदार असेल तर पगारातून कापा. जमीनधारक असेल तर जमिनीवर बोजा चढवा. पत्ता सापडत नसेल तर शोधायची जबाबदारी पोलिसांवर टाका, आणि खोटा शेरा मारणाऱ्याला जाब विचारा. बाईने कोर्टात हक्क सिद्ध केला, तिथे तिचे काम संपले. पैसे तिच्या खात्यात आणून टाकणे हे सरकारचे काम आहे.