खराब रस्ता कुठं मिळेल?

चांगला रस्ता सोडून मुद्दाम वाईट रस्त्यानं जाण्याला जगात ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात आणि त्यासाठी लागणाऱ्या सायकलीला लाख-दीड लाख मोजावे लागतात, हे निपाणी भागातल्या माणसाला समजावून सांगणं फार अवघड आहे. आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर ते काम चिकाटीनं करतात. मी सोबत असतो. माझी सायकल जुनी, साधी, पण तिला स्टँड आहे. चहाला थांबलो की माझी उभी राहते आणि डॉक्टरांची तिला टेकून उभी राहते.

या खेळाचं माहेर अमेरिकेतलं. कॅन्सस राज्यातल्या एंपोरिया गावाभोवती २००६ साली मोजकी मंडळी खडीच्या वाटेवर दोनशे मैल सायकल हाणायला जमली. आता तिथं हजारोंनी लोक जातात. २०२२ पासून तर जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होते. पहिली इटलीत झाली. म्हणजे युरोपातली सुखवस्तू माणसं प्रवेश फी भरून धूळ खातात. आमच्याकडं ती एसटीच्या खिडकीतून फुकट मिळते आणि वर तिकिटाचे सुटे मागतात.

माल मात्र आमचा अस्सल. ज्वालामुखी म्हटलं की लोकांना शंकूसारखा डोंगर आणि वर धूर दिसतो. दख्खनचा तसा नव्हता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा पसरत गेला. थरावर थर, थरावर थर. आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर तो दगड आहे. निविदा नाही, उद्घाटन नाही, टक्केवारी नाही, म्हणूनच बहुधा टिकला. हे थर बेळगावच्या आसपास येऊन संपतात. गोकाकला घटप्रभा ५२ मीटर खाली उडी घेते ती वेगळ्याच, कितीतरी जुन्या वालुकाश्मावरून. म्हणजे सीमाभागात दगडांचाही सीमाप्रश्न आहे. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाला हे कुणी वेळेवर दाखवलं असतं तर अहवालाला आणखी एक परिशिष्ट जोडावं लागलं असतं आणि महाराष्ट्रानं अहवालाबरोबर तेही नाकारलं असतं.

लाव्ह्याचा हा काळा दगड पिचला की मुरूम होतो, आणखी पिचला की काळी माती. पश्चिमेला, चंदगडच्या बाजूला पाऊस दांडगा, तिथं तोच दगड झिजून तांबडा जांभा होतो. त्यामुळं मोजे बादलीत टाकले की पाण्याच्या रंगावरून आमच्या घरात कळतं, हे आज कुठं गेले होते. काळं पाणी असलं तर निपाणी. तांबडं असलं तर देवरवाडीच्या वैजनाथाला जाऊन महिपाळगड चढले. दोन्ही रंग दिसले तर मोजे आपापले धुवायचे.

काळ्या मातीचा एक स्वभाव आहे. पावसात ती फुगते, उन्हात आकसून भेगाळते. तिच्यावर डांबर अंथरलं की तेही तिच्याबरोबर फुगतं आणि फाटतं. पाया खोल खणून, चांगला मुरूम भरून, दाबून केला तर रस्ता टिकतो. पण तेवढा खोल कोण खणतो? मग उरते ती पाणंद. दोन बांधांमधून बैलगाड्यांनी पाडलेली, दोन्हीकडं बाभळी, मधोमध गवताची रेघ आणि दोन चाकोऱ्या. डॉक्टर डाव्या चाकोरीतून, मी उजव्या. गप्पा मारता येतात. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा, गाणी लावलेला ट्रॅक्टर आला की गप्पा थांबतात आणि आम्ही दोघं बाभळीत जातो.

बाभळीच्या काट्यावर डॉक्टरांकडं उपाय आहे. त्यांच्या चाकात ट्यूबच नाही. टायरमध्ये पांढरा चीक भरलेला असतो, भोक पडलं की तो आपोआप बुजवतो. बाभळीला आणि सराट्याला तो बहुतेक वेळा पुरतो. एकदा पुरला नाही. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्या पोरानं टायर उघडलं, आत बघितलं, चीक बोटाला लावून वास घेतला आणि म्हणाला, “डॉक्टर, ट्यूबच नाही तर पंक्चर कशाची काढू?” डॉक्टर गप्प झाले. दात नसलेल्या पेशंटला दाढ कशी भरू, असं ते स्वतः कधीतरी म्हणाले असणार.

निपाणी जवळ आल्याचं आधी नाकाला कळतं. तंबाखूच्या वखारींचा तो उग्र वास. डॉक्टर शिंकतात, शिंकताना हँडल सुटतं. एकदा अक्कोळच्या बाजूला पाणंदीच्या कडेला एक आबा तंबाखूचे शेंडे खुडत होते. त्यांनी हातातलं काम टाकून चौकशी सुरू केली.

“कुठनं आलासा?”

“बेळगावास्नं.”

“हायवे बंद हाय काय?”

“नाही, चालू आहे.”

“मग?”

या ‘मग’ला डॉक्टरांनी व्यायाम, निसर्ग, मनःशांती अशी तीन उत्तरं दिली. आबांनी तिन्ही ऐकून घेतली आणि सायकलीभोवती एक फेरी मारली.

“किती पडली ही?”

“लाखाच्या वर, आबा.”

“स्टँड?”

“नाही.”

“कॅरिअर?”

“नसतं हिला.”

“मडगार्ड? घंटी?”

डॉक्टरांनी मान हलवली. आबा हळहळले. “म्हंजे लाख रुपये घेऊन एकेक काढूनच घेतलं म्हणा की.”

या मुलखात आडवाटेनं हिंडण्याची खरी परंपरा सायकलीची नाही, मेंढरांची आहे. अक्कोळ हे संत बाळूमामांचं जन्मगाव. १८९२ साली ते इथं धनगराच्या घरी जन्मले. समाधी आदमापूरला. आज जन्म कर्नाटकात आणि समाधी महाराष्ट्रात असं लिहावं लागतं, पण मामा मेंढरं घेऊन हिंडले ते कुठल्याही फलकाकडं न बघता. त्यांची मेंढरं, इकडं बकरीच म्हणतात, अजून बग्ग्याबग्ग्यांनी, म्हणजे कळपाकळपांनी, फिरतात. बग्गा आपल्या रानात बसला तर शेतकरी भाग्य मानतो. अशा बग्ग्यासमोर आलं की सायकल, ट्रॅक्टर, पुढाऱ्याची गाडी, सगळे थांबतात. हॉर्न कुणी वाजवत नाही. डॉक्टरांच्या हातावरच्या घड्याळात सरासरी वेग दिसतो, तो इथं शून्याकडं सरकत जातो. ते अस्वस्थ होतात. मी शांतपणे शेंगा खातो. मोबाईलच्या नकाशात वाट थेट कुणाच्या तरी शाळूतून जाते. मेंढक्याला विचारलं तर तो काठीनं जी दाखवतो ती वाट खरोखर असते.

वाईट रस्त्याचं कौतुक करताना मला मधूनच ओशाळल्यासारखं होतं, हे खरं. ज्या चिखलात आम्ही हौसेनं घसरतो, त्यातूनच पावसाळ्यात पोरं चपला हातात घेऊन शाळेला जातात आणि दुधाचे कॅन खांद्यावरून रस्त्याला आणावे लागतात. त्यांना आमची ही हौस कळत नसेल तर दोष त्यांचा नाही.

पण त्यांची विनोदबुद्धी शाबूत आहे. निपाणीहून मुरगूडकडं जाताना आम्ही एका टपरीवर थांबलो. अशा टपरीवर अर्धं गिऱ्हाईक या राज्यातलं असतं, अर्धं त्या. डॉक्टरांनी विचारलं, “इकडं खराब रस्ता कुठं मिळेल?” क्षणभर कुणाला काही सुचेना. मग इकडच्यानं सांगितलं की आमच्या गावच्या पाणंदीत गेल्या पावसाळ्यात ट्रॉली रुतली ती दसऱ्याला निघाली. तिकडचा म्हणाला, ट्रॉली हाय म्हंजे रस्ता हाय. आमच्यात ट्रॉली येतच नाही. आवाज चढले. आजवर हद्दीवरून बरीच भांडणं ऐकली, पण आपल्या सरकारचा रस्ता जास्त वाईट हे सिद्ध करण्यासाठी दोन राज्यांचे नागरिक इतके हट्टाला पेटलेले मी पहिल्यांदाच पाहिले. चहावाल्या मावशींनी शेवटी दोघांनाही एकेक कट दिला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, “दोन्हीकडनं जाऊन बघा की, आन् सांगा.”

आम्ही दोन्हीकडून गेलो. दोन्ही पाणंदी अप्रतिम होत्या. परतताना टपरीवर डॉक्टरांनी निकाल द्यायला तोंड उघडलं, तोच इकडचा गृहस्थ म्हणाला, आता ह्या पाणंदीचं काय खरं नाही. महाराष्ट्रात २०२१ पासून मातोश्रींच्या नावानं पाणंद रस्त्यांची योजना आहे, कर्नाटकात ‘नम्म होल, नम्म रस्ते’ आहे, म्हणजे आपलं शेत, आपला रस्ता. दोन सरकारांचं एवढ्या एका बाबतीत जमलंय. आमच्या पाणंदीचंही नाव लागलंय म्हणे, दिवाळीपर्यंत डांबर पडेल.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. हातातला कप तसाच राहिला. ते पाहून तिकडच्या माणसाला दया आली. सकाळचं भांडण विसरून तो जवळ सरकला आणि डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला,

“काळजी करू नगासा, डॉक्टर. काळी माती हाय. पडलं तर एकच पावसाळा.”