नानांची आवक

रविवारी सकाळी सातला दादरच्या चौपाटीवर कुणी डाव्या पायाची चप्पल हातात घेऊन तिची टाच निरखत असेल, तर ते आमचे नाना. चप्पल समुद्रातून आलेली, अंगठा तुटलेला, बुडाशी शेवाळ. नाना ती उलटी करतात, वाळू झटकतात आणि म्हणतात, "अंगठा बदलून अजून वर्षभर सहज चालली असती." मग घरचं माणूस गेल्यासारखा चेहरा करून तिला गोणीत ठेवतात. टाकत नाहीत, ठेवतात.

नाना बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले. दुसऱ्यांच्या हिशेबातली चूक शोधण्यात आयुष्य गेल्यावर माणसाला घरी बसवत नाही. वर्सोव्याचा किनारा २०१५ साली अफरोज शाह या वकिलाने शेजाऱ्याला सोबत घेऊन साफ करायला घेतला, हे नानांनी पेपरात वाचलं. "वकील करतो, मग ऑडिटवाल्याने का नाही?" असं म्हणून ते दादरला उतरले. सोबत एक लांबोडी वही आणि स्प्रिंगचा काटा. हा काटा मुळात रद्दीवाल्यावर नजर ठेवायला घेतलेला. आता त्याला गोणी लटकते आणि नाना वाचतात, "सव्वाआठ किलो. ओली वाळू वजा जाता सहा."

वहीत तारीख, तिथी, गोण्या, वजन आणि शेरा असे रकाने आहेत. वाचण्यासारखा रकाना शेऱ्याचा. एक शेरा असा : 'दुधाच्या पिशव्यांचे कोपरे १४२. पिशव्या शून्य.' पिशव्या भंगारवाला घेतो, कोपऱ्यांना कुणी वाली नाही. ते मोरीतून गटारात आणि गटारातून इथे. त्या दिवसापासून नानांच्या घरी दुधाची पिशवी कापताना कोपरा लोंबता ठेवावा लागतो. काकूंचा हात एकदा सवयीने पुढे गेला आणि कोपरा तुटला, तर नाना मोरीच्या जाळीपाशी पहाऱ्याला बसले.

एकदा एक कंपनी आली. साठ जण, साठ नवे टी-शर्ट, प्रत्येक टी-शर्टला वेगळी प्लास्टिकची पिशवी. वर फ्लेक्सचा फलक. वेळ सकाळी सातची, आणि तिथी नेमकी अष्टमी. नाना पायरीवर उभे. खाली पुळण म्हणून चार हातांची पट्टी उरली होती, बाकी पाणी.

"वेळ कुणी ठरवली?"

"एचआरने, सर."

"एचआरने तिथी पाहिली होती?"

मग नानांनी तिथीची पाऊणपट समजावली. कोकणातल्या पोरासोरांना येतो तो हिशेब. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. तेव्हा सकाळी कचरा उचलायचा तर पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे या, पाणी पहाटे लांब गेलेलं असतं. साठ जणांनी माना डोलावल्या, पायरीवर फोटो काढले आणि इडली खायला गेले. नानांनी टी-शर्टांच्या मागे राहिलेल्या पिशव्या गोळा केल्या. शेरा : 'प्लास्टिक पिशव्या ६०. समुद्राने आणलेल्या नव्हेत.'

लोकांना वाटतं नाना प्लास्टिकचे वैरी. मलाही वाटायचं, त्यांचा माळा पाहीपर्यंत. माळ्यावर पिशव्यांची पिशवी आहे, तिच्याखाली श्रीखंडाचे रिकामे डबे उतरंडीसारखे रचलेले, औषधांच्या बाटल्यांची बुचं वेगळी. या घरात प्लास्टिक आलं की त्याला रेशनकार्डावर नाव मिळाल्यासारखंच असतं. २०१८च्या जूनमध्ये राज्यात पिशव्यांवर बंदी लागू झाली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड, तेव्हा काकूंना वाटलं, सुटलो. त्यांनी सगळा ढीग दाराशी आणून ठेवला. नाना रात्री तो परत माळ्यावर घेऊन गेले. "जपून ठेवल्या म्हणजे गुन्हा नाही," असा निवाडा त्यांनी स्वतःच दिला. पण त्यानंतर महिनाभर बेल वाजली की आधी माळ्याकडे बघत. त्यांचा राग प्लास्टिकवर नाहीच. कुणीतरी वापरायची वस्तू टाकली, हे त्यांना सोसत नाही. पावसाळ्यात उधाण आलं की समुद्र धक्क्यावर कचऱ्याची रास ओततो, तेव्हा नाना तिच्याकडे बुडीत कर्ज वसूल झाल्यासारखे बघतात.

या वहीत माझंही खातं आहे. चार वर्षांपूर्वी काकूंनी आमच्याकडे लाडू पाठवले. डबा परत गेला, लाल झाकण हरवलं. मी नवा डबा देऊ केला. "झाकण हरवलंय, डबा नाही," नाना म्हणाले आणि वहीच्या शेवटच्या पानावर नोंद केली. दर दिवाळीला ती मला दाखवतात.

गेल्या रविवारी नाना गोणी सोडून मध्येच थांबले. वाळूतून काहीतरी उपसलं, लेंग्याला पुसलं आणि खिशात घातलं. नानांनी चौपाटीवरून खिशात घातलेली ती पहिली वस्तू. घरी गेल्यावर मला हाक मारली. ओट्यावर तो बोडका डबा. नानांनी लाल झाकण वर ठेवून तळहाताने दाबलं. टक्. अगदी बसलं. नानांच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"समुद्रातलं झाकण माझ्या डब्याला?" काकू म्हणाल्या. "आता डबाही तुमचाच."

आता त्या डब्यात दुधाचे कोपरे असतात, मोजून. मी म्हटलं, "नाना, आता तरी माझं खातं बंद करा."

त्यांनी वही उघडली, चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि मिटली. "झाकण समुद्राने परत केलं," ते म्हणाले. "तुझं येणं बाकीच आहे."