सुवासिक गाडी : साहित्य आणि कृती

भंडाऱ्याहून तुमसरच्या रस्त्याने निघालं की वरठी लागतं. रेल्वेने आलात तर मात्र लागत नाही, कारण फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर 'भंडारा रोड' लिहिलेलं आहे. स्टेशन आमच्या गावात, नाव दहा-बारा किलोमीटरवरच्या शहराचं. पाटीवर एक आणि खाली दुसरंच, याची आम्हाला जन्मापासून सवय.

तरीही परवा दुकानात गाडीत ठेवायची सुगंधी बाटली हातात घेतली आणि थबकलो. वर लिहिलं होतं, 'समुद्री झुळूक'. वरठीहून मुंबई रेल्वेने नऊशे किलोमीटर. इतक्या लांबून निघालेली झुळूक आमच्यापर्यंत पोचेतो तिचा फुफाटा होणार, हे उघड आहे. बाटली जागेवर ठेवली आणि घरगुती, नैसर्गिक मार्ग धरला. बायकोची मोठी बहीण पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने यायची होती. हाताशी चार दिवस होते. त्या चार दिवसांत जे शास्त्र सिद्ध झालं, ते लोककल्याणार्थ पुढे देत आहे.

पायरी पहिली : निदान

स्वतःच्या गाडीचा वास स्वतःला कधीही येत नाही. नाक काही मिनिटांत सरावतं आणि नंतर तक्रार करायचं सोडून देतं. म्हणून परकं नाक आणावं. आमच्याकडे आत्याबाईंचं आहे. त्यांना मागच्या सीटवर बसवलं, काचा लावल्या आणि वाट पाहिली.

"कायचा वास येऊन रायला जी?" मी विचारलं.

"पयले दूध," डोळे मिटून आत्याबाई म्हणाल्या, "मंग खर्रा. मंग सुकट. आन् सगळ्याच्या खाली कायतरी ओलं हाये बाप्पा."

चारही नोंदी अचूक होत्या. हे नाक सरकारी प्रयोगशाळेत असायला हवं होतं.

पायरी दुसरी : वर्गीकरण

वास दोन जातींचे असतात. नासलेल्या दुधाचा आणि घामाचा वास आम्लांचा. त्यावर खाण्याचा सोडा भुरभुरावा, रात्रभर राहू द्यावा, सकाळी फड्याने झाडून काढावा. सोडा त्या आम्लाचं क्षार करून टाकतो आणि क्षार बिचारा उडून नाकापर्यंत येऊ शकत नाही. मासळीचा वास उलट जातीचा, अमाइनचा, म्हणजे अल्कधर्मी. त्याला सोडा टाकला तर तो आणखी मोकळा होऊन फिरतो. त्याला लिंबू किंवा व्हिनेगर हवं. मासळीच्या कालवणात चिंच का पडते, हे आमच्या आजीला अमाइन न शिकता ठाऊक होतं.

हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या दिवशी मी सगळीकडे सोडा टाकला होता. दूध शांत झालं, सुकट चेकाळली. घाईघाईत त्याच सोड्यावर लिंबाचं पाणी शिंपडलं. सीट फसफसून वर आली आणि दोन्ही औषधं एकमेकांना मारून मोकळी झाली. सर्व आजार जसेच्या तसे शिल्लक. तात्पर्य : दोन वैद्य एका वेळी बोलावू नयेत.

खर्ऱ्याला उतारा नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटला जात असताना जो वास सुटतो, तो आधी गाडीच्या छताच्या कापडात जातो आणि मग मालकाच्या नशिबात. खर्रा खाणाऱ्यास गाडीत घेऊ नये, असं शास्त्र सांगतं. पण मग गाडीत घ्यावं कोणाला, हे शास्त्र सांगत नाही.

पायरी तिसरी : साहित्य

*लाकडी कोळसा, पाव किलो.* इस्त्रीवाल्याकडून मागून आणावा. कोळशाच्या अंगात असंख्य बारीक छिद्रं असतात आणि वास तिथे चिकटून बसतो. जुन्या मोज्यात भरून सीटखाली ठेवावा. मोजा धुतलेला असावा, ही सूचना मला कोणी दिली नव्हती.

*कापूर, चार वड्या.* कापूर उन्हाने वितळत नाही, थेट हवेत जातो. मे महिन्यात इकडे पारा 45 च्या घरात असतो आणि उन्हात बंद उभी गाडी तासाभरात आतून आणखी वीसेक अंशांनी तापते. अशा गाडीत कापूर ठेवला की दुपारी मालक परतेपर्यंत डबी रिकामी आणि गाडीचा देव्हारा झालेला. आईने दार उघडून आत हात जोडले. कापूर पटकन पेटतो, तेव्हा काडी ओढणाऱ्यापासून लांब ठेवावा.

*वाळा, एक जुडी.* कूलरच्या ताटीतून उपसलेला चालतो. भिजवून डॅशबोर्डवर ठेवल्यास मोहाडीपर्यंत स्वर्ग. पुढे तो सुकतो आणि केरसुणीसारखा दिसतो. सावलीतल्या बंद गाडीत ओलाच विसरल्यास मात्र बुरशी धरते.

*संत्र्याची साल.* नागपूर शेजारी असल्याने तुटवडा नाही. साल सावलीत कडक वाळवावी, लवंगा घालून कापडात बांधावी. ओली साल ठेवल्यास दोन दिवसांत वासाऐवजी लव उगवते.

*मोगऱ्याचा गजरा.* सकाळी वरात, दुपारी दुसऱ्या दिवशीचा मांडव.

पायरी चौथी : वर्ज्य माल

मोहफुलं डिक्कीत आणू नयेत. मार्च-एप्रिलात फुलं पडतात, गावाकडचे मामाजी प्रेमाने पोतंभर देतात, आणि गाडी उन्हात उभी राहिली की ती आंबायला लागतात. मग रस्त्यावर गाडी थांबवणारा शिपाई काच खाली करायला सांगतो, नाक आत घालतो आणि गंभीर होतो. "साहेब, मी प्यालेलो नाही, गाडी प्यालेली आहे," हे उत्तर खरं असलं तरी देऊ नये.

दुधाची कॅनही वर्ज्य. अमेरिकेत 1952 साली ज्युलियस सेमान यांनी सुगंधी कागदाचं टांगतं पाइनचं झाड काढलं. सांडलेल्या दुधाच्या वासाने वैतागलेल्या एका दूधवाल्यामुळे ती कल्पना सुचली, असं सांगतात. आमच्या दूधवाल्यानेही सांडलेल्या दुधाबद्दल तक्रार केली होती. ती पैशांची होती.

पायरी पाचवी : आत्याबाईंचं 'ओलं'

हा या पाठातला एकमेव गंभीर परिच्छेद आहे, म्हणून लोक तो वगळतील. एसी चालू असताना आतल्या थंड कॉईलवर पाणी जमतं. गाडी बंद केली की ते तिथेच राहतं, बुरशी धरते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच झोताला ओल्या पायमोज्यांचा वास येतो. मुक्कामाला पोचण्याआधी चार-पाच मिनिटं एसी बंद करावा, पंखा चालू ठेवावा. कॉईल सुकते. केबिन फिल्टर काढून पाहावा. माझ्या फिल्टरात गेल्या हंगामातला धानाचा कोंडा निघाला. पायाखालचे मॅट उन्हात टाकावेत, चारही दारं सताड उघडावीत. खर्च शून्य. म्हणूनच यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

निष्पत्ती

चौथ्या दिवशी कोळसा, कापूर, वाळा, साल आणि गजरा असे पाचही जण गाडीत एकदम कामावर होते. आत्याबाईंना पुन्हा बसवलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कोन गेलं जी?"

गजरा आणि कापूर तेवढे काढले आणि स्टेशन गाठलं. पाहुण्या उतरल्या, गाडीत बसल्या, एक दीर्घ श्वास घेतला. मी आरशातून पाहत होतो. त्यांनी पर्स उघडली आणि एक पुडकं पुढे केलं.

"भाऊजी, हे तुमच्यासाठी. मागच्या वेळी आले होते ना, तेव्हापासून मनात होतं."

पुडक्यात बाटली होती. 'समुद्री झुळूक'. पुणंही समुद्राकाठी नाही, पण पाहुण्यांना असं बोलू नये.

आठ दिवस राहून त्या परत गेल्या, जाताना चिन्नोरचं अर्धं पोतं घेऊन. तो सुवासिक तांदूळ जितका वेळ डिक्कीत होता, तितकाच वेळ गाडीला खरोखर चांगला वास आला. ते पोतं फलाटावर चढवलं आणि माझं सहावं साहित्य गाडीतून गेलं.

परतताना मामाजी आठवडी बाजारात भेटले. त्यांनी न विचारता मागचं दार उघडलं, सुकटीची पिशवी सीटवर ठेवली, शेजारी बसले आणि पन्नी घोटायला लागले. बाटली डॅशबोर्डवर उघडी होती. ऊन चढलेलं, काचा बंद. पहिल्यांदा त्या बाटलीवरची पाटी आणि आतला माल जुळला : गाडीत अस्सल समुद्र आला.

मी काच खाली केली.