चेतकला किती हवा लागते

कळमेश्वरात घरासमोर स्कूटरचं कव्हर काढून ठेवलं की पाच मिनिटांत सभा भरते. पहिला प्रश्न ठरलेला, "बंद पडली का?" नाही म्हटलं की दुसरा, "मंग काहून खोलली?" चालती गाडी खोलणारा माणूस आमच्याकडे संशयितांत मोजला जातो. ताकद वाढवतोय असं सांगितलं की तिसरा प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती वाढते?" कमी होतं, असं खरं उत्तर दिलं की विचारणारा चहासाठीही थांबत नाही.

गाडी म्हणजे बजाज चेतक. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन ही 1972 साली आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडली. अंगकाठी इटालियन व्हेस्पाची, कारण त्याआधी बजाज व्हेस्पाच बनवत होतं, पियाजिओच्या परवान्यावर. आमच्या वडिलांच्या पिढीने नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून ती घेतली. एवढ्या तपश्चर्येनं मिळालेल्या वस्तूत कोणी स्क्रूड्रायव्हर घालत नसे. फार तर सकाळी ती एका बाजूला आडवी करून पुन्हा उभी करायची आणि किक मारायची. आमची पिढी हातात कानस घेऊन बसली आहे.

इंजिन 145.45 सीसीचं. बोर 57 मिलिमीटर, स्ट्रोकही 57. त्यावरून हा आकडा कागदावर काढता येतो, आणि मी तो पाहुण्यांसमोरही काढून दाखवतो. पाहुणे कमी झाले आहेत. बोर 63 चा केला की तेच इंजिन 177 चं होतं. तो करून झाला, पोर्ट घासून झाले. आता प्रश्न उरला कार्बोरेटरचा आणि एअर फिल्टरचा. मराठी माणूस एकमताने न सोडवण्यासाठी ज्या प्रश्नांची निवड करतो, त्यांत याची गणना व्हायला हरकत नाही.

आमच्या गल्लीतला एक पोट्टा नागपूरला इंजिनीअरिंगला आहे. त्याचं मत असं की घालायचा तर 30 मिलिमीटरचाच घालायचा. मूळ कार्बोरेटरचा घसा 20 चा. वर्तुळाची वाट व्यासाच्या वर्गाने वाढते, हे शाळेत शिकवतात. इंजिनीअरिंगला ते बहुधा विसरायला लावतात. 20 चा वर्ग 400, 30 चा 900. म्हणजे वाट सव्वादोन पट झाली. इंजिन वाढलं किती? 145 चं 177, म्हणजे 22 टक्के. शुद्ध हिशेबाने 22 चा घसा पुरतो, कारण 22 चा वर्ग 484. पोर्ट उघडले, इंजिन वर फिरायला लागलं, म्हणून भूक थोडी जास्त धरा आणि 24 घ्या. 30 ला हिशेबात कुठेच जागा नाही. फोटोत आहे.

"काका, जास्त हवा म्हणजे जास्त पॉवर," तो म्हणाला. हवा जास्त हवी हे खरं, पण ती वेगानेही यायला हवी. घसा अरुंद असला की हवा तिथून पळते, दाब पडतो आणि त्या पडलेल्या दाबानेच पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं. घसा ऐसपैस झाला की कमी फेऱ्यांवर हवा रमतगमत जाते आणि पेट्रोल खालीच बसून राहतं. त्याने 30 चा बसवला. सकाळी बाजारात त्याने ॲक्सिलरेटर पिळला, गाडी "घूंऽऽ" म्हणाली आणि विचारात पडली. मागून आलेला संत्र्यांचा टेम्पो पुढे निघून गेला, त्यामागून एक सायकलही. वरच्या फेऱ्यांवर मात्र ती सुसाट सुटते असं तो सांगतो. त्या फेऱ्या गाठण्याइतका मोकळा रस्ता कळमेश्वरात पहाटे मिळतो, आणि तेव्हा तो झोपलेला असतो.

आणखी गंमत पुढे आहे. त्याने हा माल इटलीहून मागवला. तिकडच्या व्हेस्पावाल्यांपैकी कितीतरी जण 24 साठी स्पॅकोचा कार्बोरेटर लावतात, जो डेलॉर्टोच्या परवान्यावर भारतात बनलेला असतो. आपलं दूध परदेशी डब्यात घालून परत घरी आणायची ही हौस स्कूटरवाल्यांतही आहे.

फिल्टरचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. चेतकमध्ये कार्बोरेटर एका बंद डब्यात बसतो, वर जाळीचा फिल्टर, आणि हवा येते ती गाडीच्या सांगाड्यातून, रबरी नळीतून. दिसायला अगदीच सरकारी व्यवस्था. म्हणून पोरं पहिल्यांदा तीच काढून फेकतात आणि कोनासारखा उघडा फिल्टर लावतात. काही जण तोही लावत नाहीत. आवाज छान येतो. इंजिनाशेजारची तापलेली हवाही छान आत जाते.

आमचे मेकॅनिकभाऊ शिकलेले कमी आणि ऐकलेले जास्त. म्हणजे इंजिन ऐकलेले. ते म्हणाले, "भाऊ, आपल्या गावात हवेपेक्षा धूळ जास्त हाय. अन् धूळ पेटत नाई ना बाप्पा." एमआयडीसीचे ट्रक, शेतातला वारा, मे महिन्यातली वावटळ. टू-स्ट्रोकमध्ये हवा थेट पिस्टनवर जात नाही, आधी क्रँकच्या घरातून फिरून जाते. जुन्या चेतकमध्ये तर क्रँकचा गोल पंखाच आत येणाऱ्या हवेचं दार उघडतो आणि लावतो. त्याच्यात आणि त्या घराच्या, म्हणजे क्रँककेसच्या, भिंतीत अंतर अगदी नावापुरतं. तिथे वाळूचा एक कण शिरला की भिंतीवर चरा पडतो, दार नीट लागत नाही, आणि मग पिस्टन-रिंगवर भागत नाही, अख्खी केस शोधत फिरावं लागतं. फिल्टरचे पैसे वाचवून केस विकत घेणारे लोक मी पाहिले आहेत. ते पुढे बुलेट घेतात.

मूळ फिल्टर ठेवूनही मार्ग आहे. जेट जिथे उभे असतात, त्यांच्या बरोबर वर फिल्टरच्या पत्र्याला दोन छिद्रं पाडतात. मुख्य जेटवर साधारण 8 मिलिमीटरचं, आयडलच्या जेटवर 5 चं. जेटना श्वास मोकळा मिळतो, डबा जागेवर राहतो. जाळी मात्र पेट्रोलमध्ये धुऊन, फुंकून बसवत राहायची. हे काम रविवारी करावं. घरचे आपण काहीतरी करतोय अशा समजात राहतात.

जेटचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शतांशात. 115 म्हणजे 1.15 मिलिमीटर. 115 आणि 118 यांत फरक तीन शतांशाचा; त्या तीन शतांशावरून आमच्यात काहींनी एकमेकांच्या लग्नाला जाणं सोडलं आहे. आणि भांडण वाया जात नाही, कारण आमचं हवामान दोन्ही बाजूंचं आहे. मे महिन्यात 45 अंशांवर हवा विरळ असते. जानेवारीत पहाटे 10 अंशांवर तीच हवा 12 टक्के जड होते, पण पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. मिश्रण कोरडं पडतं, पिस्टन तापतो. मे महिन्यात प्लग चहाच्या रंगाचा बघून खूश झालेला आमच्यातला एक गडी थंडीत नागपूरला निघाला आणि फेटरीच्या अलीकडे पिस्टन अडकून त्याचं मागचं चाक जागेवर जाम झालं. अशा वेळी क्लच दाबायला एका शिवीइतका वेळ असतो. त्याने तो शिवीसाठी वापरला.

2020 पासून विजेवरची चेतक बाजारात आली आहे. तिला कार्बोरेटर नाही, फिल्टर नाही, जेट नाही, आणि तिचं कव्हर उघडलं तरी कोणी भोवती जमणार नाही. मला तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही.

177 च्या इंजिनासाठी माझा निकाल सांगतो. कार्बोरेटर 24 चा, डबा आणि रबरी नळी मूळची, फिल्टर दोन छिद्रांचा. मेन जेट मे महिन्यात ठरवू नका. जानेवारीच्या पहाटे अडाशाच्या गणपतीला जाऊन या आणि तिथे प्लग काढून बघा. पांढरा दिसला तर जेट मोठा करा. उन्हाळ्यात थोडा धूर निघाला तर निघू द्या, शेजारी काय म्हणतात ते आपल्याला आधीच माहीत आहे. आणि या सगळ्याच्या आधी ब्रेक-शू बदलून घ्या, कारण मूळचे 145 सीसीला सुद्धा थांबवत नव्हते.